एक आणि थोडं

मला तीन सेकंद गप्प बसता येत नाही, हे मला वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी कळलं. कळलं म्हणजे घड्याळ लावून सिद्ध करण्यात आलं. घड्याळ दुसरीतल्या एका मुलीचं होतं. गुलाबी, प्लॅस्टिकचं, बटण दाबलं की आकडे पळणारं. तिनं जाहीर केलेला निकाल असा होता : "आजोबा, एक आणि थोडं."

त्याआधी माझी समजूत अशी होती की मी उत्तम श्रोता आहे. या समजुतीत घरचं कुणीच माझ्याबरोबर नव्हतं, हे मी जरा उशिरा विचारलं.

दोष थोडा नोकरीचाही असावा. एका राष्ट्रीयीकृत बँकेत पस्तीस वर्षं काढली, त्यातली बारा कर्जवसुलीत. वसुलीत प्रश्न विचारायचे असतात, उत्तरं ऐकायची नसतात. "हप्ता का थकला?" असं विचारायचं आणि समोरचा सांगू लागला की "ते सोडा" म्हणायचं. बारा वर्षं हे केल्यावर माणूस भाजीवालीलाही "मेथी कशी? ते सोडा" म्हणतो.

निवृत्तीनंतर मी बालशिक्षणाकडे वळलो. का, ते विचारू नका. आमच्या इमारतीत एकानं मधमाश्या पाळल्या, एकानं सतार घेतली. मला मधमाश्यांची भीती वाटते आणि सतार मांडीवर राहत नाही. लहान मुलांना काय येतं, आपल्याला सगळं येतं, असा सरळ हिशेब मी केला. अप्पा बळवंत चौकात जाऊन पुस्तकं आणली. त्यात बी.एड.चं एक जुनं गाईड होतं, ज्यात कुणीतरी आधीच पेन्सिलनं 'महत्त्वाचं' असं जागोजाग लिहून ठेवलं होतं, त्यामुळे माझे कष्ट वाचले. गिजुभाई बधेकांचं 'दिवास्वप्न' होतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांवरची दोन होती. वाचलं की माणसाला वाटतं आपल्याला येतं. पुण्यात ते न वाचताही वाटतं, पण मी वाचून वाटून घेतलं.

'दिवास्वप्न'मधला मास्तर पहिल्याच दिवशी वर्गात शांततेचा खेळ घ्यायला जातो आणि तो खेळ साफ फसतो. शांतता राहते बाजूला, मुलं नाना आवाज काढतात आणि शेवटी मास्तरावर सुट्टी द्यायची पाळी येते. हे वाचून मी खूप हसलो. बिचाऱ्याला मुलं हाताळता येत नव्हती, असं मी हिला सांगितलं. ही म्हणाली, "ते गिजुभाईंनी मुद्दाम लिहिलंय ना?" मी म्हटलं, "ते सोड."

आमच्या भागातल्या एका मराठी शाळेत मी जाऊन उभा राहिलो. शाळेचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्यात शाळेची काहीच चूक नव्हती आणि मला तिथून अजून जायचं-यायचं असतं. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "शिकवू नका. मंगळवारी आणि शुक्रवारी तासभर दुसरीच्या मुलांबरोबर नुसते बसा, त्यांचं ऐका. मोठ्यांशी बोलायला मिळालं की मुलांची भाषा खुलते." या तीन वाक्यांतलं पहिलं वाक्य मला ऐकू आलं, पण 'नका' सोडून.

वर्गात चौतीस मुलं. मी ओळख करून देताना म्हटलं, "मला सर म्हणू नका, मी तुमचा मित्र." चौतीस जणांनी एकमेकांकडे पाहिलं, माझ्या डोक्याकडे पाहिलं आणि 'आजोबा' यावर एकमत झालं.

वर्गाच्या बाई पन्नाशीच्या. त्या माझ्या तासाला मागे बसून वह्या तपासणार होत्या. पहिल्या दिवशी मी उलट त्यांचा तास पाहिला आणि घरी येऊन निरीक्षण-वहीत लिहिलं : "बाई प्रेमळ पण संथ. प्रश्न विचारतात आणि उत्तर घेण्याऐवजी पाठ फिरवून फळा पुसतात. फळा आधीच पुसलेला होता." त्याखाली लाल रेघ मारून : "वेळेचा अपव्यय." ही वही अजून माझ्याकडे आहे. ती कुठे ठेवली आहे ते कुणाला सांगितलेलं नाही.

पहिला प्रयोग पियाजेचा करायचं ठरलं. ठरलं म्हणजे मी ठरवलं. पियाजे हा स्विस मानसशास्त्रज्ञ. दोन सारख्या पेल्यांत सारखं पाणी घ्यायचं. मुलाला विचारायचं, सारखं आहे ना? मूल हो म्हणतं. मग एका पेल्यातलं पाणी त्याच्यादेखत उंच, अरुंद भांड्यात ओतायचं आणि पुन्हा विचारायचं. साधारण सहा-सात वर्षांपर्यंतची मुलं म्हणतात, उंच भांड्यात जास्त आहे. पाण्याची पातळी वर गेली म्हणजे पाणी वाढलं. पुढे केव्हातरी त्यांना उमगतं की ओतल्यानं काही वाढत नाही. दुसरीतली मुलं बरोबर या उंबरठ्यावर. म्हणजे अर्धा वर्ग अलीकडे, अर्धा पलीकडे, आणि मध्ये मी, वही घेऊन.

ग्लास आणायला तुळशीबागेत गेलो. दोन काचेचे ग्लास घेतले. उंच भांडं म्हणून हिची निशिगंधाची फुलदाणी घरून न विचारता घेणार होतो. पिशवी सांभाळत बाहेर पडलो तो दगडूशेठसमोर, भिडे वाड्याच्या जागेपाशी. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा इथेच सुरू केली. वाडा २०२३च्या डिसेंबरात स्मारकासाठी पाडला. सावित्रीबाई शाळेत जाताना लोक शेण आणि चिखल फेकत, म्हणून त्या एक जादा लुगडं बरोबर ठेवत, हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं. मी तिथे क्षणभर थांबलो आणि माझ्या मनात विचार आला, आपणही एक जादा शर्ट न्यावा. कोकम सांडलं तर. ही तुलना डोक्यात आली याची आज मला लाज वाटते. शर्ट मात्र नेला होता आणि लागला.

कोकम अशासाठी की पाणी मागच्या बाकावरून दिसत नाही. 'अमृत कोकम'ची बाटली घरात होतीच. लाल रंग, लांबून स्पष्ट पातळी, शेवटी मुलांना प्यायला. विज्ञान आणि सरबत यांचा असा संगम स्वित्झर्लंडात झाला नसेल, असं मी स्वतःलाच म्हटलं.

मंगळवारी टेबलावर दोन ग्लास समोरासमोर भरले.

"सारखं आहे?"

"हो!" चौतीस.

मी एक ग्लास फुलदाणीत रिकामा केला. थोडं टेबलावर सांडलं, थोडं शर्टावर.

"आता कशात जास्त आहे?"

"फुलदाणीत!" एक सोडून सगळे. त्या एकानं विचारलं, "आजोबा, सांडलं ते धरून का सोडून?"

मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. पियाजेच्या पुस्तकात सांडण्याचा उल्लेख नव्हता. माझ्या अंगावर रोमांच उभे राहिले होते. १८९६ साली जन्मलेल्या एका परदेशी माणसानं जे सांगितलं ते माझ्यासमोर, कोथरूडजवळ, हुबेहूब घडत होतं. खरं तर इथे थांबायला हवं होतं. पण रोमांचित माणूस थांबत नाही. मी म्हटलं, "नीऽट विचार करा. खरंच फुलदाणीत जास्त आहे? की सारखंच?"

"सारखंच!" चौतीस, आणि या वेळी मागच्या वेळेपेक्षा मोठ्यानं.

मी थक्क झालो. आठ सेकंदांत माझ्या शिकवण्यानं चौतीस मुलं बौद्धिक विकासाची एक पायरी ओलांडून गेली होती. वहीत 'ऐतिहासिक' असा शब्द लिहिला आणि पहिल्या बाकावरच्या, गुलाबी घड्याळवाल्या मुलीला विचारलं, "तुला कसं गं कळलं?"

ती म्हणाली, "तुम्ही परत विचारलंत ना. म्हणजे पहिलं चुकलं असणार."

मागच्या बाकावर बाईंनी वही तोंडासमोर धरली. खोकला असावा.

घरी येऊन वाचलं तर हे सगळं आधीच लिहून ठेवलेलं. एडिंबरोच्या मार्गारेट डोनाल्डसन यांनी १९७८च्या त्यांच्या 'चिल्ड्रेन्स माइंड्स' या पुस्तकात हीच फोड केली आहे. मोठ्या माणसानं समोर मुद्दाम काहीतरी केलं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला, की मूल भांड्याकडे कमी आणि त्या माणसाकडे जास्त बघतं. याला नक्की काय हवंय? त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यानं प्रयोग थोडा बदलून पाहिला. मांडलेल्या सोंगट्यांच्या रांगा मोठ्या माणसानं विसकटण्याऐवजी एका खोडकर टेडीबेअरनं 'चुकून' विसकटल्या. तेव्हा कितीतरी जास्त मुलांनी बरोबर उत्तरं दिली. अस्वलाला खूश करायची कुणालाच गरज वाटली नाही. हे मी आधी वाचायला हवं होतं, पण ते प्रकरण पियाजेच्या नंतर येतं आणि मी पियाजेपाशीच तज्ज्ञ झालो होतो.

वर्गात मात्र त्या दिवशी सरबत वाटण्याचा प्रश्न तसाच होता. चौतीस मुलं, दोन ग्लास, एक फुलदाणी. मी म्हटलं, एकेकानं एकेक घोट घ्या. यावर जे झालं त्याला वर्ग म्हणत नाहीत. 'त्याचा घोट मोठा' या मुद्द्यावर चार ठिकाणी मारामारी सुरू झाली. मग त्या सांडलं-धरून-का-सोडून मुलानं आपल्या पाण्याच्या बाटलीचं बूच काढून टेबलावर ठेवलं. कुणी त्याला नेमलं नव्हतं. त्यानं एक बूच भरून ओतून पाहिलं, घड्याळवालीनं मोजलं, आणि दोघांनी मिळून जाहीर केलं की प्रत्येकाला दोन बुचं. ज्यांना पाच मिनिटांपूर्वी ओतल्यानं सरबत वाढतं असं वाटत होतं, त्यांनी ते अडुसष्ट बुचं मोजून चौतीस जणांत वाटलं, आणि एकाचीही तक्रार आली नाही. शेवटी अडीच बुचं उरली. दोन बाईंना दिली. अर्धं मला.

मुंग्या दोन दिवस होत्या, असं शिपाईमावशींनी मला शुक्रवारी फाटकातच सांगितलं.

आता तीन सेकंदांकडे येतो. गाईडाच्या शेवटच्या भागात, जिथे पेन्सिलवाल्यानं काहीच 'महत्त्वाचं' लिहिलेलं नव्हतं, तिथे मेरी बड रो यांची माहिती सापडली. या अमेरिकन बाईंनी १९७०च्या आसपास विज्ञानाच्या वर्गांच्या पुष्कळ ध्वनिफिती ऐकल्या. त्यांना काय आढळलं? प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंद थांबतात. एक. तेवढ्यात उत्तर आलं नाही तर प्रश्न फिरवतात, दुसऱ्याला विचारतात नाहीतर स्वतःच उत्तर देतात. आणि मुलानं उत्तर दिल्यावर तर तेवढंही थांबत नाहीत, लगेच 'छान' म्हणून पुढे. हाच थांबा तीन सेकंदांचा केला की उत्तरं लांबतात, 'माहीत नाही' कमी होतं, एरवी न बोलणारी मुलं बोलायला लागतात आणि, सगळ्यात अवघड म्हणजे, मुलं उलट प्रश्न विचारू लागतात.

वाचता वाचता मला फळा आठवला. आधीच पुसलेला. मी निरीक्षण-वही काढली, 'वेळेचा अपव्यय'वर खाडाखोड केली आणि बाजूला 'तपासून पाहणे' असं लिहिलं. वसुलीतली सवय. चूक कबूल करायची नसते, फाईल प्रलंबित ठेवायची असते.

सराव घरी सुरू केला. ही म्हणाली, "दूध तापवलंत का?" मी मनात मोजलं : एक, दोन... "तापवलंत का नाही? काय होतंय? छातीत दुखतंय का?" बाहेर तर अजिबातच जमेना. कर्वे रस्त्यावर रिक्षावाल्यानं "कुठे?" विचारलं. मी तीन सेकंद थांबलो आणि तो गेला. या शहरात तीन सेकंद गप्प राहणाऱ्याकडे लोक एकतर संशयानं पाहतात किंवा ते स्वतः बोलायला लागतात. बिल्डिंगच्या मीटिंगमध्ये मी गप्प राहिलो तर त्याचा अर्थ पाण्याच्या टाकीच्या ठरावाला माझा विरोध आहे, असा घेतला गेला.

वर्गात मी हे गुपित ठेवायला हवं होतं. पण मी मुलांना सांगून टाकलं की आजपासून आजोबा प्रश्न विचारून तीन सेकंद थांबणार. घड्याळवालीनं लगेच बटणावर बोट ठेवलं.

"पंचवीसमध्ये दशक किती?" मी विचारलं. शांतता. शांतता फार मोठी असते हो. पंखा ऐकू येतो. कुणाचा तरी बूट ऐकू येतो. आपलं पोट ऐकू येतं. खिडकीजवळचा मुलगा छताकडे बघत होता, त्याचे ओठ किंचित हलले, आणि मी म्हटलं, "अरे, दोन ना? दोन दशक आणि पाच एकक, सोप्पंय!"

"एक आणि थोडं," ती म्हणाली.

पुढचे सात प्रश्न झाले. सगळ्यात चांगली वेळ 'दोनला थोडं कमी'. मी तोंडावर हात ठेवून पाहिला तर डोळ्यांनी उत्तर सांगितलं. पाठ फिरवून पाहिली तर फळ्यावर लिहिलं. बाईंचा डस्टर मागून घेतला, पण फळा पुसता पुसता मी 'दोन' असं पुटपुटलो ते पहिल्या बाकाला ऐकू गेलं.

इथे थोडं विषयांतर, पण ते लागणार आहे. २०१९च्या जूनमध्ये बालभारतीचं दुसरीचं गणिताचं नवं पुस्तक आलं. त्यात एकवीसला 'वीस एक', बत्तीसला 'तीस दोन' असं वाचायची पद्धत जुन्या नावांबरोबर दिली होती. गणिताच्या समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर होत्या. मराठीत आकडा लिहिताना दशक आधी आणि बोलताना एकक आधी, त्यात जोडाक्षरं, हे लहान मुलांना जड जातं, असं समितीचं म्हणणं. महाराष्ट्र पेटला. विधानसभेत कोट्या झाल्या. मीही मागे नव्हतो. आम्ही पावकी-निमकीपासून औटकीपर्यंत पाढे म्हटलेली पिढी. मी 'पंचवीस वाचवा!' या मथळ्याचं चारशे शब्दांचं पत्र एका दैनिकाला पाठवलं, त्यांनी चाळीस शब्द छापले, आणि ते कात्रण मी फ्रेम करणार होतो. काही आठवडे सेनापती बापट रस्त्यावरून जाताना मी बालभारतीच्या इमारतीकडे रागानं पाहत असे. इमारतीवर काही परिणाम झाला नाही.

तर खिडकीजवळचा तो मुलगा. पंचवीस सांगितलं की बावन्न लिहायचा. त्रेचाळीसला चौतीस. सगळं उलटं आणि अगदी नियमानं उलटं. मी त्याला तीन वेळा समजावलं होतं. समजावलं म्हणजे तेच वाक्य प्रत्येक वेळी थोडं मोठ्यानं म्हटलं. तो मान डोलवायचा आणि बावन्न लिहायचा. वहीत मी लिहिलं होतं : "लक्ष नाही. खिडकीतून काढून पुढे बसवावे."

चिक्कीची कल्पना माझी. लोणावळ्याहून कुणीतरी आणलेली, शेंगदाण्याची, चांगली कडक. प्रश्न विचारायचा आणि एक तुकडा तोंडात टाकायचा. तोंडात चिक्की असताना माणूस बोलूच शकत नाही. संशोधनात अशी युक्ती कुणीही सुचवलेली नव्हती, त्यामुळे ती आपली स्वतःची म्हणून मला विशेष प्रिय होती. मुलांना खाऊ न देता समोर आपण खायचं हे शोभत नव्हतं म्हणून चौतीस तुकडे त्यांनाही नेले. आता वर्गात कुणीच बोलू शकत नव्हतं. शांतता अशी की बाजूच्या वर्गातल्या बाई डोकावून गेल्या.

मी प्रश्न विचारला होता : "पंचवीस लिहिताना आधी काय लिहायचं?" घड्याळ पळत होतं. एक. दोन. तीन! घड्याळवालीनं हात वर करून टाळी वाजवली. चार. मी चिक्की चावत, विजयी मुद्रेनं मागे बाईंकडे पाहिलं. पाच. आणि मग माझ्या डाव्या बाजूला आत काहीतरी 'कट्' झालं.

दाढेचं कॅप. चार वर्षांपूर्वी बसवलेलं. मी खरं तर तोंड मिटून ठेवायचं. पण त्याच क्षणी एका मुलानं कुठलं तरी उत्तर दिलं, आणि उत्तर आलं की लगेच काय करायचं नसतं ते मी केलं. मी "शाब्बास!" म्हटलं. 'शा'बरोबर कॅप बाहेर गेलं.

ते कुठे गेलं हे चौतीस जणांना चौतीस ठिकाणी दिसलं. बाकं सरकली. मुलं जमिनीवर पालथी झाली. बाईंनी दरवाजा लावून घेतला, बाहेर जाऊ नये म्हणून. कॅप की मुलं, ते त्यांनी स्पष्ट केलं नाही. अखेर ते कचऱ्याच्या डब्याजवळ सापडलं आणि ज्याला सापडलं त्यानं ते तळहातावर ठेवून सगळ्यांना दाखवत आणलं. एवढ्यात एक लक्षात आलं. कुणी हसत नव्हतं. घड्याळवालीनं माझ्यासमोर येऊन स्वतःचं तोंड उघडून दाखवलं. वरचे पुढचे दोन नव्हते. मग दुसरीनं दाखवलं. मग मुलांची रांगच लागली. कुणाचा खालचा हलत होता, कुणाचा काल पडला होता, कुणी तो कौलावर फेकला होता, कौल नसल्यानं एकानं पत्र्यावर. दुसरीचा वर्ग म्हणजे साडेसहा-सात वर्षं, दुधाचे दात पडायचं वय. वर्गातल्या चौतीसांपैकी धड हसता येईल असे फार तर दहा. पंधरा दिवस मी त्यांचा विकास मोजत होतो आणि हे समोर दिसत असून वहीत लिहिलं नव्हतं.

"आता नवा येईल," घड्याळवाली म्हणाली. "जीभ लावू नका फक्त."

दाताच्या डॉक्टरांची वेळ पुढच्या सोमवारची मिळाली. कॅप एका डबीत. शुक्रवारी शाळेत जाऊ नये असं ही म्हणाली, कारण त्या फटीतून 'स'ची शिट्टी होत होती. सकाळी "साखर संपली" म्हटलं तर खालच्या मजल्यावरचा कुत्रा उठून बसला. पण मी गेलो. मित्र आहे ना मी.

आमच्या पुण्यात आयुकामध्ये अरविंद गुप्तांनी वर्षानुवर्षं मुलांना टाकाऊतून खेळणी करायला शिकवलं. स्ट्रॉचं एक टोक चपटं करून कापलं की छान पिपाणी वाजते, ती मला त्या दिवशी मुलांना करून दाखवायची होती. कात्री आणि स्ट्रॉ पिशवीतच राहिले. मी "बसा" म्हटलं तेवढ्यानंच वर्ग खूश झाला.

मग मी बोलणं टाळलं. खडू घेऊन फळ्यावर २५ काढले, खिडकीजवळच्या मुलाकडे पाहिलं आणि भुवया उंचावल्या. बस. दुसरं काही करता येतच नव्हतं. 'पंचवीस'मध्ये 'स' आहे.

तो माझ्याकडे पाहत राहिला. पंखा फिरत होता. मग त्यानं छताकडे पाहिलं, मग हाताकडे. मग म्हणाला, "घरी इप्पत्तैदु म्हणतात."

मी काही बोललो नाही. बोलता येत नव्हतं.

"इप्पत्तु म्हणजे वीस. ऐदु म्हणजे पाच. घरी वीस आधी येतं." त्यानं थोडा वेळ घेतला. "इथे पंच आधी येतं. मग वीस. मराठीच्या तासाला बाई म्हणतात, जसं ऐकू येतं तसं लिहा. मग मी पाच आधी लिहितो. मग दोन."

त्याचे आई-वडील कर्नाटकातून बांधकामावर आलेले आहेत, हे मला बाईंनी नंतर सांगितलं. कानडीत आकडा बोलतात तसाच लिहितात. म्हणजे पोराचं लक्ष नव्हतं असं नाही, वर्गात सगळ्यात जास्त लक्ष त्याचंच होतं. घरचा नियम घरी, इथला इथे, आणि इथला नियम तो इमानानं पाळत होता. बावन्न हे उत्तर चुकीचं होतं, पण ते मी दिलेल्या तिन्ही स्पष्टीकरणांपेक्षा विचारपूर्वक होतं. माझ्या डोळ्यांसमोर ते चाळीस शब्दांचं कात्रण आलं. फ्रेमवाल्याकडे ते टाकलं नाही हे किती बरं झालं.

त्या मुलानं उलट विचारलं, "आजोबा, मराठीत पाच आधी का म्हणतात?"

मला माहीत नव्हतं. बँकेत असतो तर 'ते सोड' म्हटलं असतं. पण त्यातही 'स' आहे.

पहिल्या बाकावरून आवाज आला, "अकरा!"

"काय अकरा?" बाईंनी मागून विचारलं.

"आजोबा अकरा सेकंद गप्प आहेत."

बाई उठल्या, फळ्यापाशी आल्या आणि डस्टरनं कोपरा पुसू लागल्या. तिथे काहीही लिहिलेलं नव्हतं. खिडकीजवळचा मुलगा अजून माझ्याकडे बघत होता. उत्तराची वाट बघत. तो बराच थांबू शकतो असं दिसलं. मी शेवटी "सांगतो" म्हणायला तोंड उघडलं आणि अशी लांब, सुरेल शिट्टी वाजली की मधली सुट्टी झाली असं समजून बाजूचा अख्खा वर्ग बाहेर पळाला.

"परत वाजवा ना," तो म्हणाला.